सात रकाने

आमच्या दर्यापूरकडं पोरगं पुढं काय करील हे निम्मं पाण्यानं ठरवलेलं असतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमीन अशी काळीभोर की पाहुण्याला हेवा वाटावा, पण विहीर खणली की पाणी खारं. त्यावर ओलीत होत नाही आणि तहानही भागत नाही. प्यायला शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, वावर मात्र आभाळाच्या भरवशावर. खरिपात कापूस, तूर, मूग. पाऊस चांगला होऊन जमिनीत ओल टिकली तर हरभरा. एवढ्यात वर्षाचं घर चालवायचं, कृषी केंद्राची उधारी फेडायची, पोरीचं लग्न करायचं. म्हणून इथला बाप पोराचा हात धरून शाळेत येतो तेव्हा त्याच्या मनात एकच असतं, हा वावरातून सुटला पाहिजे. पोराला काय जमतं हा प्रश्न त्याच्या लेखी नंतरचा. पुष्कळदा तो येतच नाही.

मी या तालुक्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं, १९८८ पासून २०१९ पर्यंत. आज एसटी स्टँडवर जरा वेळ उभा राहिलो तर कोणी ना कोणी "सर, ओळखलं का?" म्हणत येतंच. ओळखलं तर त्याचे मार्क मला आठवत नाहीत. तो वर्गात काय करत बसायचा ते आठवतं.

शाळेच्या दप्तरात मात्र याची नोंद कुठंच नव्हती. उंची, वजन, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा, आधी कोणत्या शाळेत होता, हे सगळं होतं. २०१५ साली 'सरल' प्रणाली आली आणि हीच माहिती संगणकात भरायची वेळ आली. दिवसा नेट चालत नसे, म्हणून मास्तर लोक रात्री जागून पोरांची माहिती भरत. माझ्या बायकोला वाटे मी काही तरी मोठं संशोधन करतोय. त्याआधी २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं होतं. कल्पना चांगली होती. नुसते मार्क देऊ नका, पोराबद्दल दोन वाक्यं लिहा, असं त्यात होतं. पण पन्नास-साठ पोरं, तेवढे विषय आणि दोन सत्रं असा हिशेब मांडला की मास्तराच्या हाताला गोळे येतात. मग बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. त्यातून वाक्य उचलायचं आणि नावापुढं टाकायचं. "चित्रकलेत रुची दाखवतो" हे वाक्य इतक्या पोरांच्या नावापुढं मी वाचलंय की सगळा तालुका चित्रकार व्हायला निघाला असावा.

माझी एक वेगळी वही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू केली आणि भरली की नवी घेतली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. गणिताच्या मास्तराला मोजण्याची खोड असते, तशातला प्रकार. वर्गात, सहलीत, झाडू मारताना, भांडताना पोरगं जे करताना दिसे ते एका ओळीत लिहून ठेवायचो. 'तोंडी हिशेब पक्का, कागदावर चुकतो.' 'नजरेनं अंतर सांगते, टेपनं मोजलं तर वीतभर फरक.' 'भांडण लावत नाही, मिटवतो. पोरं त्याच्याकडं जातात.' आणि पुढं ते पोरगं काय झालं हे कळलं की त्याच ओळीपुढं लाल शाईनं लिहायचं.

त्यातली एक जुनी नोंद सांगतो. आमच्या गावाचं स्टेशन म्हणजे बनोसा. मूर्तिजापूर ते अचलपूर या नॅरोगेज रुळावर धावणारी शकुंतला गाडी तिथं थांबायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं. एक पोरगा शाळेत नसला की स्टेशनवर सापडे. मी दोनदा त्याला आणायला गेलो. दुसऱ्या खेपेला त्यानं मला मातीत काठीनं आकृती काढून दाखवली. वाफ कुठून येते, दांडा कसा मागंपुढं होतो, चाकाला कसा जोडलाय. वहीत मी लिहिलं, 'पुस्तकातली आकृती कळत नाही, इंजिनाची कळते.' दहावीत इंग्रजीत दोनदा गेला. बापानं बैल चारायला लावलं. आज त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडून तांब्याच्या तारेचे वेढे तो बोलता बोलता भरतो, आकडा चुकत नाही. दुकान त्याचं तो पस्तिशीला आल्यावर सुरू झालं. मधली अठरा वर्षं त्यानं काय केलं, तर मिळेल ते. त्या अठरा वर्षांचं मला वाईट वाटतं. कोणी त्याला सोळाव्या वर्षी आयटीआयचा फाटा दाखवला असता तर एवढीच ती गोष्ट होती. पण दहावी नापास पोराला रस्ता दाखवणारं तेव्हा कोणी नव्हतं आणि बापाच्या डोळ्यासमोर तर बैल होते.

पोरांची बुद्धी मोजायचा खटाटोप काही नवा नाही. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती कोणत्या पोराला जास्त मदत लागते हे शोधायला. हुशारांची रांग लावायला नव्हे, हे पुष्कळदा विसरलं जातं. आपल्याकडं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या चाचणीची मराठी आणि कानडी रूपं तयार केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. आम्ही डी.एड., बी.एड.ला हे पाठ करायचो आणि परीक्षेनंतर विसरायचो. खेड्यातल्या लोकांना बुद्धिमत्ता चाचणी कळली ती स्कॉलरशिपच्या परीक्षेमुळं. चौथीचं आणि सातवीचं पोरगं पहाटे उठून आकृत्यांचे प्रश्न सोडवतंय हे दृश्य घरोघरी होतं. नंतर ती परीक्षा पाचवीला आणि आठवीला गेली.

आणि नवोदय. नवोदय विद्यालयांची सुरुवात झाली तेव्हा १९८५-८६ साली देशात प्रयोग म्हणून दोनच शाळा काढल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातलं चुणचुणीत पोरगं परीक्षेनं हुडकायचं आणि त्याला फुकट शिकवायचं. पाऊणशे टक्के जागा ग्रामीण भागाला. आमच्या जिल्ह्याला हा मान पहिल्या खेपेलाच मिळाला, याचा मला नोकरी लागली तेव्हा फार अभिमान होता. त्या परीक्षेत मानसिक क्षमतेचे चाळीस प्रश्न असतात, सगळे आकृत्यांचे. मी पोरं बसवायचो. एका वर्षी येवद्याकडच्या एका पोरीला घडी घातलेल्या कागदाचे प्रश्न एकदम जमले. विचारलं तर म्हणाली, "घरी माय चोळ्या बेतते, मी कापड घडी करून धरतो." ती लागली. तिच्यासारखी दुसरी दोन पोरं होती, त्यांच्या घरी शिलाई मशीन नव्हतं आणि छापील आकृतीही त्यांनी त्या वर्षीच पहिल्यांदा पाहिली होती. ती राहिली. मला तेव्हापासून असं वाटतं की पोराला जमतं काय, हे त्यानं काय पाहिलंय आणि काय हाताळलंय त्यावर पुष्कळ आहे.

पुढं २०१६ साली कल चाचणी आली. राज्य मंडळानं पुण्याच्या श्यामची आई फाउंडेशनबरोबर मिळून दहावीच्या पोरांची ही चाचणी पहिल्यांदा घेतली. विनोद तावडे तेव्हा शिक्षणमंत्री होते. पेपरच्या आधी, संगणकावर. सगळ्या राज्यातली दहावीची पोरं, म्हणजे आकडा लाखांत गेला. एवढ्या पोरांना एकाच वेळी "तुला काय आवडतं?" असं सरकारनं विचारावं, ही गोष्ट मला तरी मोठी वाटली. तोवर खेड्यातल्या पोराला हा प्रश्न फक्त दुकानात गोळी-बिस्किट घेताना विचारला गेला होता.

आमच्या शाळेत चालू संगणक मोजके. पोरांच्या तुकड्या पाडल्या, लाइट जाईल म्हणून सकाळची वेळ धरली. पुष्कळ पोरांनी त्या दिवशी माउस पहिल्यांदा हातात घेतला. आवडीनिवडीचे प्रश्न एकामागून एक येत होते आणि शेवटी सात क्षेत्रांत पोराचा ओढा कुठं जास्त, कुठं कमी हे निघणार होतं. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. सात रकाने.

एक पोरगी माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "सर, हे काम म्हणजे नेमकं काय करतात?" पडद्यावर एका कामाचं नाव होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मले आवडलं असतं वाटते." आणि पुढच्या प्रश्नावर गेली. त्या 'असतं'वर मी पुढं पुष्कळ विचार केला.

अमेरिकेत बॉस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसानं १९०८ साली तरुणांना धंदा निवडायला मदत करणारी कचेरी काढली होती. करिअर मार्गदर्शनाची सुरुवात तिथून धरतात. त्याचं सांगणं साधं होतं. आधी स्वतःला ओळखा, मग कामं कोणकोणती असतात आणि त्यांना काय लागतं ते ओळखा, आणि मग दोन्ही समोर ठेवून विचार करा. आमच्याकडं पहिल्या पायरीला संगणक आला, दुसरी पायरी तशीच राहिली. दर्यापूरच्या पोरानं पाहिलेली कामं बोटावर मोजा. मास्तर, तलाठी, पोलीस, कंडक्टर, नर्सबाई, डॉक्टर, कृषी केंद्रवाला. न पाहिलेल्या कामाचा कल त्याला कुठून येणार?

म्हणून गणवेशधारी सेवा इथं किती पोरांच्या कागदावर वर आली असेल हे मला न पाहताच सांगता आलं असतं. मूर्तिजापूर रोडवर पहाटे जाऊन पाहा. थंडी असो की धुकं, भरतीची पोरं पळत असतात, आता पोरीही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्यामुळं मैदान आणि वर्दी यांचं नातं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. हा कल खरा आहे यात शंका नाही. पण त्यातला काही भाग असा की पगाराची दुसरी वाट या पोरांनी पाहिलेलीच नसते. उलट वाणिज्याचं घ्या. बाजार समितीत बापासोबत जाऊन अडत, हमाली, तोलाई तोंडी वजा करून हातात किती पडणार हे काटा व्हायच्या आत सांगणारा पोरगा माझ्या वर्गात होता. त्याच्या कागदावर वाणिज्य तळाला. मी विचारलं तर म्हणाला, "सर, कॉमर्स म्हणजे ते बँकेत बसतात ते न? मले नाही जमत बसून राहणं."

ही चाचणी आवडीची होती, कुवतीची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. आवडतं ते जमेलच असं नाही आणि जमतं ते आवडतंच असं नाही. पुढच्या काही वर्षांत तिला अभिक्षमतेची जोड मिळाली आणि ती मोबाइलवर आली. पण पहिल्या वर्षीचा कागद हातात पडला तेव्हा हा फरक कोणाच्या ध्यानात होता? घरोघरी एकच विचारणं, "काय व्हाले सांगतलं?"

त्या वर्षीचा तो बाप मला विसरता येत नाही. शाळा सुटायच्या वेळी आला. धोतर नव्हे, पँट-शर्ट, पण पायात चिखल सुकलेला. पाऊस नुकताच पडला होता आणि पेरणी सुरू होती. त्याआधीची दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. हातात पोराचा कल अहवाल, चार घड्या घातलेला.

"गुरुजी, हे काय लिहून देल्लं जी?"

मी पाहिलं. सगळ्यात वर कृषी.

"शेतीच कर म्हंते न हे? हे सांगाले कम्प्युटर कायले लागते? आमच्या बापजाद्याइले कोनं सांगतलं होतं?"

मी म्हटलं, बसा. तसा हुकूम नाही हा. पोराला त्यात आवड आहे, एवढंच कागद सांगतो.

तो बसला नाही. म्हणाला, "आवड हाये हे मले माईत नाही का? एवढासा होता तईपासून डवऱ्यामागं पयते. रातच्याले रोही येतात म्हून बॅटरी घेऊन एकटा वावरात जाते. ढग पाहून सांगते, येते का जाते. मले सारं मालूम हाये गुरुजी. म्हून त भेव वाटते."

या बोलण्यावर मास्तरानं काय म्हणायचं असतं ते कोणत्या बी.एड.च्या पुस्तकात नाही. आमच्या भागात कास्तकारांच्या मरणाच्या बातम्या पोरं शाळेत येताना चहाच्या टपरीवर ऐकत येतात. एका बाजूला लाखो पोरांच्या उत्तरांतून निघालेला पोराचा कल आणि दुसऱ्या बाजूला बापाचं भेव. दोन्ही खरे होते. कागदाला बापाचं भेव मोजता येत नव्हतं, आणि ते मोजल्याशिवाय त्या घरात त्या कागदाचा काही उपयोग नव्हता.

मी त्याला अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं सांगितलं. १९६९ साली निघालं, पंजाबराव देशमुखांचं नाव आहे त्याला. पंजाबराव आपल्याच जिल्ह्यातले, पापळचे. (मनात आलं, १८९८ साली जन्मलेल्या या कास्तकाराच्या पोरानं ऑक्सफर्डला वेदांतल्या धर्मावर प्रबंध लिहिला आणि पुढं १९५२ पासून दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री म्हणून काम केलं. त्यांना कोणत्या रकान्यात बसवलं असतं? हे मी बोललो नाही, त्या माणसाला पेरणीला जायचं होतं.) बारावीनंतर चार वर्षं, बी.एस्सी. ॲग्री. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ते शिकून नोकरी लागते का?"

"लागू शकते. कृषी अधिकारी, बँक, बियाण्याच्या कंपन्या."

"म्हंजे शेती शिकून शेती न करनारा होते. मंग ठीक हाये."

पोराला सायन्सला टाकलं.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका पोरीच्या कागदावर तांत्रिक वर होतं. घरातला मिक्सर, पंखा, मोबाइलचा चार्जर, काही बिघडलं की तीच उघडायची. वहीत माझी सहावीतलीच नोंद होती, 'स्क्रू काढताना क्रमानं मांडते.' तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. घरी बोलणं झालं ते एवढंच, की आयटीआयला पोरं जातात. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात हे मी त्यांना छापील माहितीपत्रकात दाखवलं. तेव्हा जमलं नाही. एक वर्ष ती घरी बसली, कापूस वेचला. पुढच्या वर्षी तिची आई एकटीच तिला घेऊन आयटीआयच्या दारात गेली, बापाला सांगितलंच नाही. आता ती पुण्याकडं चाकणच्या एका कारखान्यात आहे. दिवाळीला आली तेव्हा मला तिनं विजेच्या पॅनलचे फोटो दाखवले. आत वायरी अशा ओळीनं बांधलेल्या की पाहत राहावं. बाप तेच फोटो स्टँडवर लोकांना दाखवतो.

ज्याच्या कागदावर ललित कला वर होती, तो पोळ्याला गावभरच्या बैलांची शिंगं रंगवायचा आणि ट्रॉलीवर नावं लिहायचा. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट, दोन्हींत त्याला ए ग्रेड. सरकारी चित्रकला महाविद्यालय नागपूरला. घरच्यांनी नागपूर फक्त दवाखान्यासाठी पाहिलेलं. आज तो फ्लेक्सचं दुकान चालवतो. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली. अक्षराची जाण अजून आहे. दुकानाबाहेर पाटी मात्र त्यानं हातानं रंगवलीय.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१८ च्या सुमाराला गावात एक मंडळी आली. हॉल घेतला, बॅनर लावलं. बोटांचे ठसे घेऊन तुमच्या मुलाचा मेंदू कसा आहे, तो डॉक्टर होणार की इंजिनिअर, हे कळणार. ठशांवरून बुद्धी सांगण्याच्या या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असं मानसशास्त्राच्या जाणकारांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. पण रंगीत पन्नास पानी अहवाल आणि फी काही हजार. मंडळाचा फुकटचा कागद ज्यांनी कपाटावर टाकला होता तेच लोक पैसे मोजायला रांगेत उभे. फुकटचं कोण मानतं! मी गंमत पाहायला गेलो होतो.

कापूस वेचणीचे दिवस. एका बाईनं पोरीला आणलं होतं, आठवीतली असेल. वेचणीत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं सोलून निघतात, ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. यंत्रावर ठसा उमटेना. त्या पोरानं तिची बोटं ओल्या कपड्यानं पुसली, पावडर लावली, पुन्हा दाबली. काही नाही. मग तो म्हणाला, "मावशी, हिच्या बोटाला रेषाच नाहीत." बाई हसली. म्हणाली, "रेशनच्या मशीनवर माहा आंगठा कुठी उठते? हिचा कायले उठन!" आणि पोरीला घेऊन निघाली. फी तिच्या कनवटीलाच राहिली. त्या पोरीच्या बोटांवर सगळा हंगाम लिहिलेला होता, फक्त तो वाचायचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी २०१६ च्या वर्गाची यादी काढून बसलो. कागदावर काय होतं आणि पोरं आज काय करतात. अर्ध्याअधिकांचा पत्ता लागला, बाकीची पुणे, सुरत, नाशिक अशी पांगली आहेत, काही पोरी लग्न होऊन गेल्या आणि त्यांच्या सासरचे फोन माझ्याकडं नाहीत. जे सापडले त्यांच्यात कागदाशी जुळलेले कमी निघाले. पण माझं लक्ष गेलं ते दुसरीकडं. ज्यांचं जुळलं त्यांच्या जवळपास, घरात नाही तर शेजारी, ते काम करणारं कोणी तरी होतं. मामा आयटीआयला निदेशक, आत्या नर्स, चुलतभाऊ फौजेत. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, एका मास्तराची वही आहे. तरी वाटतं, एवढ्या पोरांची उत्तरं जमवली होती, तर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्यांना एकदा फोन करून "बाबा, तू काय करतोस?" एवढं विचारायला हवं होतं. कोणता प्रश्न कामाचा होता आणि कोणता नव्हता हे त्यातूनच कळतं. वायंडिंगवाला मोटार दुरुस्त करतो तेव्हा एकदा चालवून पाहतो की नाही!

त्या कृषीवाल्या पोराचं राहिलं. बारावीला असताना, २०१७ च्या खरिपात, तो एका संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडं आला. फिजिक्सचं काही असेल असं वाटलं. वहीत आकडे होते. रोज शंभर फुलं पाहायची आणि त्यांत डोमकळ्या किती ते लिहायचं. गुलाबी बोंडअळी आत शिरली की कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं राहतं, तिला डोमकळी म्हणतात. आकडा दोनावरून चारावर, चारावरून नवावर गेला होता. "सर, बाबा म्हणतात बीटीवर अळी येत नाही. हे आकडे वाढून राहिले. दहाच्या वर गेलं की फवारावं लागते असं मी वाचलं. तुम्ही सांगा त्यांना." मी गेलो, सांगितलं. मास्तराचं ऐकायचं म्हणून बापानं फवारलं. त्या वर्षी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचंही नुकसान झालं, पण शेजाऱ्याइतकं नाही.

फिजिक्समध्ये त्याला कसेबसे मार्क मिळाले. खासगी कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, बी.एस्सी. झाली. आता तो अमरावतीला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दोनदा थोडक्यात हुकलं.

मागच्या हंगामात मी त्यांच्या वावरात गेलो होतो. पराटी कमरेएवढी, ओळींत कामगंध सापळे लावलेले. बाप एका सापळ्यातली पाखरं मोजत होता. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की उपाय करायचा, हे त्यानं मला समजावून सांगितलं.

"सकाई मोजतो आन त्याले फोनवर सांगतो. तो तिकडं लिहून ठेवते. त्याचा अभ्यास चालू हाये न."

"अभ्यास करताना याला वेळ मिळतो का?"

"याले कवाई वेळ असते त्याले. रात्री दोन वाजता फोन करते, पानी आलं का म्हून. त्या इतिहास-भूगोलाचं मले काही सांगत नाही."

झोपडीत चहा झाला. निघताना त्यानं खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढली. सातबारा, बँकेचं पासबुक, पीकविम्याची पावती. त्यात चार घड्यांचा तो कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या.

"गुरुजी, हे लागते का जी कुठी? पोराच्या कोनत्या फार्मले?"

मी म्हटलं, नाही, कुठंच लागत नाही.

त्यानं जरा विचार केला आणि कागद सातबाऱ्याच्या मधोमध ठेवून पिशवीला गाठ मारली.